दोर, शिसे आणि शब्द : मोठ्या सरोवरांतील 'ट्रोलिंग'च्या इतिहासाची साधने

ज्या व्यवसायांचा इतिहास त्यांच्या कर्त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला नाही, त्यांच्या बाबतीत अभ्यासकाच्या हाती मुख्यतः दोनच साक्षीदार उरतात : एक ते उपकरण आणि दुसरे त्या उपकरणाचे नाव. उपकरणांचा अभ्यास वस्तुसंग्रहालयांतून होतो, नावांचा कोशांतून. आणि हे दोन अभ्यास क्वचितच एकमेकांची विचारपूस करतात. प्रस्तुत निबंधात ही दोन साधने एकत्र ठेवून एका लहानशा प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील 'फिंगर लेक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरोवरांवर खोल पाण्यातील मासा धरण्याची जी साधने रूढ झाली, ती एकमेकींशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. हे साम्य एका मुळापासून आलेले आहे, एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले आहे, की दोन्ही ठिकाणी ते स्वतंत्रपणे सिद्ध झाले आहे? दोन भाषांत सारखा शब्द आढळला म्हणजे आपण हेच तीन पर्याय तपासतो. शब्दांच्या बाबतीत आपण जी सावधगिरी पाळतो ती वस्तूंच्या बाबतीत मात्र सहसा पाळली जात नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट करणे अवश्य आहे. 'ट्रोलिंग' म्हणजे चालत्या नावेच्या मागे दोर सोडून, त्याच्या टोकाशी बांधलेले आमिष पाण्यातून ओढत नेणे. आपल्या कोकणपट्टीवर 'ट्रॉलर' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. पण तो समुद्राच्या तळावरून जाळे फरफटवणाऱ्या नौकेचा वाचक आहे. 'ट्रॉल' आणि 'ट्रोल' हे दोन वेगळे शब्द. पहिल्यात जाळे आहे, दुसऱ्यात गळ. इंग्रजी भाषकांतही या दोहोंची सरमिसळ होते, तेव्हा मराठी वाचकाची झाली तर नवल नाही. येथे फक्त गळाच्या ट्रोलिंगचा, तोही मोठ्या सरोवरांतील सॅमन, ट्राउट आणि त्यांच्याच कुळातील चार् या माशांपुरता विचार केला आहे. (शेवटचे नाव संख्यावाचकाशी घोटाळा होऊ नये म्हणून हलन्त लिहीत आहे.)

'ट्रोल' या क्रियापदाचा मूळ अर्थ मासेमारीचा नाही. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ भटकणे, गडगडत किंवा घोळत जाणे असा होता. जुन्या फ्रेंचमध्ये शिकारीच्या शोधात हिंडणे अशा अर्थाचा त्याचा सगोत्र आढळतो. मासेमारीत हा शब्द आला तेव्हाही त्यात नाव नव्हती. १६८२ मध्ये रॉबर्ट नॉब्ज याने 'कंप्लीट ट्रोलर' नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील ट्रोलर नदीकाठी उभा राहतो, मेलेला लहान मासा गळाला लावून पाण्यात बुडवतो, वर खेचतो, पुन्हा बुडवतो, आणि पाइक नावाचा हिंस्र मासा धरतो. म्हणजे पुस्तकाचे नाव पाहून त्यात सरोवरातील ओढगळीची माहिती शोधू जाणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. नावेमागून ओढण्याचा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला, आणि तो चिकटत असताना ब्रिटनमध्ये त्याच क्रियेसाठी निराळे शब्दही वापरात होतेच. स्कॉटलंडमध्ये टे नदीवर वल्ह्यांची नाव आडवी-तिरपी फिरवून सॅमनसाठी गळ ओढतात, त्याला 'हार्लिंग' म्हणतात. तेथील बोलीत 'हार्ल' म्हणजे फरफटणे.

अन्य युरोपीय भाषांकडे वळले तर एक मनोरंजक भेद दिसतो. फ्रेंच भाषक या पद्धतीला 'ट्रेन' म्हणतो. जिनीव्हा सरोवरावर आजही ट्राउट आणि चार् यांसाठी हाच शब्द चालतो, आणि त्याचा अर्थ ओढणे असा आहे. जर्मन भाषेतील 'श्लेप' हाही ओढण्याचाच धातू. स्वीडिश भाषेत ओढण्याच्या धातूपासून बनलेले 'द्राग' हे नाम खुद्द आमिषालाच लागू झाले, आणि वल्हवत गळ ओढण्याला 'द्रागरूद' हा जोडशब्द मिळाला. फिनिश भाषेत मात्र आमिषाला 'उइस्तिन' म्हणतात. त्याचा संबंध पोहण्याच्या धातूशी आहे. म्हणजे बहुतेक भाषांनी नावेतल्या माणसाचे श्रम पाहिले, इंग्रजीने नावेचे भटकणे पाहिले आणि फिनिशने पाण्याखालच्या आमिषाची चाल पाहिली. संगणकावरील संभाषणात जाणूनबुजून लोकांना डिवचणाऱ्या माणसाला आज 'ट्रोल' म्हणतात, त्या अर्थामागेही आमिष ओढण्याची हीच कल्पना आहे, असा एक मत-प्रवाह आहे. उत्तरेकडील लोककथांतील राक्षसाचे नाव मागाहून त्यात मिसळले असावे. पण हे विषयांतर झाले.

आता उपकरणाकडे. उथळ पाण्यात ट्रोलिंग करणे फारसे कठीण नाही : दोर, गळ, आणि वल्हवणारे दोन हात पुरे. अडचण येते ती उन्हाळ्यात, मोठ्या आणि खोल सरोवरात. समशीतोष्ण प्रदेशातील सरोवराचे पाणी उन्हाळ्यात थरांनी विभागले जाते. वरचा थर तापतो आणि हलका होतो; तळचे पाणी पाण्याच्या कमाल घनतेच्या, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानाच्या जवळपास राहते; आणि या दोहोंमध्ये एक पातळ पट्टा असा असतो की ज्यात थोड्याच फुटांच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरते. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवराचे अभ्यासक एडवर्ड बर्ज यांनी १८९७ च्या सुमारास या पट्ट्याला 'थर्मोक्लाइन' हे नाव दिले. सॅमनच्या कुळातील मासे थंड पाण्याचे. वरचे पाणी तापले की ते खाली उतरतात. वसंतऋतूत हाताच्या अंतरावर असणारा मासा आषाढात पन्नास-शंभर फुटांखाली जाऊन बसतो.

तेथपर्यंत आमिष पोचवणे म्हणजे केवळ दोर लांब सोडणे नव्हे. नाव चालू लागली की पाण्याचा रोध दोराला मागे आणि वर ढकलतो. जितका दोर लांब आणि जाड तितका रोध जास्त. जितकी नाव जलद तितका दोर वर. नाव थांबवली तर आमिष खाली जाते, पण मग ते निर्जीव लोंबकळते आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आमिष हलले पाहिजे आणि तरीही खोल राहिले पाहिजे : या दोन परस्परविरोधी मागण्यांमधून या विषयातील जवळजवळ सर्व उपकरणे जन्माला आली आहेत. थर्मोक्लाइनला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून मासेकऱ्यांच्या दोरांच्या लांबीत त्याचे ज्ञान साठवलेले होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

विंडरमिअर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. हिमयुगानंतर तेथे अडकून पडलेला चार् हा त्याचा प्रसिद्ध मासा. नर चार् विणीच्या काळात पोटाकडून लालभडक होतो. वेल्श भाषेत त्याचे नावच 'तोरगोख', म्हणजे लालपोट्या, असे आहे. इंग्रजी 'चार्' शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. रक्तवर्णाच्या अर्थाच्या एका गेलिक शब्दाशी तो जोडला जातो, पण पुरावा तोकडा आहे. १६९८ मध्ये घोड्यावरून इंग्लंडभर हिंडणाऱ्या सीलिया फाइन्स या बाईने या माशाची नोंद आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. मसाले घालून, लोण्याखाली झाकून भांड्यात मुरवलेला चार् अठराव्या शतकात दूरवर विकला जाई, आणि त्यासाठी बाहेरच्या अंगाला माशांची चित्रे रंगवलेली उथळ चिनीमातीची भांडी खास घडवली जात. ती आता संग्रहालयांत आहेत. या व्यापाराचा मासा मुख्यत्वे जाळ्याने धरला जाई. विंडरमिअरवरील जाळ्याची मासेमारी १९२१ मध्ये बंद झाली, आणि त्यानंतर खोल पाण्यातील गळ हेच चार् धरण्याचे प्रमुख साधन उरले.

हे साधन विस्ताराने सांगण्यासारखे आहे. त्याला 'प्लंब-लाइन' म्हणतात. प्लंब-लाइन म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबाच. वल्ह्यांच्या नावेच्या दोन्ही अंगांना सुमारे अठरा फूट लांबीची एकेक काठी आडवी बाहेर काढलेली असते. प्रत्येक काठीच्या टोकाशी एक लहान घंटा. काठीवरून एक मुख्य दोर सरळ खाली जातो आणि त्याच्या टोकाशी दीड-दोन पौंडांचे शिसे असते. या मुख्य दोराला ठराविक अंतरांवर पाच-सहा उपदोर जोडलेले असतात आणि प्रत्येक उपदोराच्या टोकाशी धातूच्या पातळ पत्र्याचे, हाताने ठोकून वाकवलेले, फिरते आमिष. म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा आमिषे निरनिराळ्या खोलींवर चालत असतात. मासा लागला की घंटा वाजते. मग मासेकरी मुख्य दोर हातांनी ओढत आणतो, एकेक उपदोर काढून नावेत लावतो, आणि मासा कोणत्या खोलीवर लागला हे त्याला आपोआप कळते. पुढच्या फेरीस तो शिसे त्याप्रमाणे वर किंवा खाली घेतो. पत्र्याच्या धातूविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असे : पितळ, तांबे, चांदी, क्वचित एका बाजूला सोन्याचा मुलामा. बापाने ठोकलेला पत्रा मुलाच्या पेटीत जपून ठेवलेला असे. या पत्र्यांचा आकार तंतोतंत किती वाकवावा हे कोणी लिहून ठेवल्याचे आढळत नाही. ते बोटांना माहीत होते.

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी सेनेका, कयूगा, केउका, कॅनन्डेग्वा अशी लांबट, अरुंद आणि फार खोल सरोवरे हाताच्या बोटांसारखी शेजारी शेजारी पसरली आहेत. म्हणून 'फिंगर लेक्स'. तेथील मूळचा मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट. नावात ट्राउट असले तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो चार्-च आहे. वसाहतकारांनी आपल्या ओळखीचे नाव अनोळखी प्राण्याला दिले आणि ते कायम झाले. मेन राज्यात त्याला 'टोग', क्यूबेकमध्ये 'तुलादी', पश्चिमेकडे 'मॅकिनॉ' म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातील 'नामायकुश' हा शब्द मात्र तेथील अल्गाँक्वियन भाषांतून घेतलेला आहे. शास्त्रज्ञांनी या एका बाबतीत तरी मूळ रहिवाशांचे ऐकले.

या सरोवरांवर जे साधन रूढ झाले त्याला 'सेथ ग्रीन रिग' म्हणतात. सेथ ग्रीन (१८१७–१८८८) हे रॉचेस्टरचे गृहस्थ. १८६४ मध्ये त्यांनी कॅलेडोनिया येथे मत्स्यबीज-केंद्र काढले आणि अमेरिकेतील कृत्रिम मत्स्यसंवर्धनाचे ते जनक मानले जातात. त्यांच्या नावाच्या साधनाचे वर्णन असे : एक जाड मुख्य दोर, टोकाशी जड शिसे, मुख्य दोराला ठराविक अंतरांवर जोडलेले पाच-सहा उपदोर, आणि प्रत्येकाच्या टोकाशी धातूचे चकाकते आमिष. मागील परिच्छेदातील वर्णनाशी हे ताडून पाहिले तर बाहेर काढलेल्या लांब काठ्या आणि घंटा एवढाच काय तो फरक राहतो. मात्र साधनाला एखाद्याचे नाव असणे हा त्याने ते शोधल्याचा पुरावा नव्हे. प्रसिद्ध पुरुषाचे नाव वस्तूला चिकटते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आमिषाच्या बाबतीतही असाच एक जनक सांगितला जातो. व्हर्माँट राज्यातील ज्यूलिओ ब्यूएल याच्या हातून जेवताना चमचा सरोवरात पडला, आणि तो गिरक्या घेत खाली जात असता एका मोठ्या ट्राउटने झडप घातली. त्यावरून त्याला 'चमच्या'चे आमिष सुचले, अशी कथा आहे. ब्यूएलने १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले हे खरे, आणि आमिषाला 'स्पून' हे नाव जगभर मिळाले हेही खरे. पण चकाकणारे आमिष चालत्या नावेमागे ओढण्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे. पॉलिनेशियन लोक आपल्या होड्यांमागे शिंपल्याच्या मोत्यासारख्या चकाकणाऱ्या कवचाचे आमिष ओढून बोनिटो मासे धरत असत, आणि कॅप्टन कुकच्या सफरींतून आलेले असे शिंपल्याचे गळ युरोपातील संग्रहांत आहेत. पॉलिनेशियन नावाडी आणि ब्यूएल यांच्यात देवाणघेवाण झाली असे कोणी म्हणणार नाही. सारख्या गरजेने सारखी वस्तू घडते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

तेव्हा विंडरमिअर आणि फिंगर लेक्स यांच्याबाबत काय? निर्णय देण्यापूर्वी, जेथे उसनवारी निःसंशय झाली अशा एका प्रकरणाची साक्ष घेणे इष्ट आहे, म्हणजे उसनवारीच्या खुणा कशा दिसतात हे कळेल. ते प्रकरण मिशिगन सरोवराचे.

ओंटारिओ सरोवर आणि त्याच्यावरची सरोवरे यांच्यामध्ये नायगाराचा धबधबा हा नैसर्गिक अडसर होता. १८२९ मध्ये वेलंड कालव्याने तो टळला. या वाटेने सी लॅम्प्री हा रक्तशोषक जलचर १९२१ मध्ये ईरी सरोवरात, आणि १९३६ ते १९३८ या काळात मिशिगन, ह्यूरन व सुपीरिअर या सरोवरांत आढळला. आधीच बेसुमार मासेमारीने खिळखिळ्या झालेल्या लेक ट्राउटचा त्याने फडशा पाडला. मिशिगन सरोवरात १९४० नंतरच्या दशकात जेथे वर्षाला पन्नास लाख पौंडांहून अधिक ट्राउट धरला जात असे, तेथे १९५३ मध्ये पाचशे पौंडही मिळाला नाही. १९५८ पासून लॅम्प्रीच्या अळ्या मारणारे रसायन नद्यांत सोडण्यास आरंभ झाला आणि तिला आळा बसला. पण दरम्यान मोठा भक्षक नाहीसा झाल्यामुळे एलवाइफ हा समुद्रातून आलेला लहान मासा अनावर वाढला होता. १९६७ च्या उन्हाळ्यात तो इतक्या प्रचंड संख्येने मेला की शिकागोपासूनचे किनारे कुजक्या माशांच्या राशींनी भरून गेले.

या पार्श्वभूमीवर मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी पॅसिफिक महासागरातील कोहो सॅमन सरोवरात आणण्याचे ठरवले. ऑरेगनहून सुमारे दहा लाख अंडी आली. १९६६ च्या वसंतात प्लॅट नदी, बेअर क्रीक आणि सुपीरिअरला मिळणारी एक नदी यांत मिळून आठ लाखांहून अधिक पिले सोडली गेली. पुढच्या वर्षी चिनूक सॅमनही आला. १९६७ च्या शरदात एलवाइफ खाऊन पोसलेले कोहो परतले आणि हजारो लोक मिळेल त्या होडीत बसून सरोवरात उतरले. मोठ्या पाण्याची सवय नसलेल्या या गर्दीला २३ सप्टेंबर १९६७ रोजी प्लॅट उपसागरानजीक वादळाने गाठले. सात जण बुडाले.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की मासा पॅसिफिकहून आला, आणि त्याच्या मागोमाग त्याची उपकरणेही आली. पॅसिफिक किनाऱ्यावरील व्यापारी ट्रोलर-नौकांवर पोलादी तारेची गुंडाळयंत्रे असत. त्यांना 'गर्डी' म्हणत. हा शब्द 'हर्डी-गर्डी' या, मूठ फिरवून वाजवायच्या वाद्याच्या नावाचा तुकडा आहे. तारेच्या टोकाशी तोफगोळ्यासारखे शिसे असे, त्याचे नावही 'कॅननबॉल', तोफगोळा. तारेलाच अनेक उपदोर अडकवलेले. म्हणजे तत्त्वतः हा विंडरमिअरचाच ओळंबा, फक्त यंत्राने ओढायचा आणि कितीतरी जड. हौशी मासेकऱ्यांनी त्यात एक फेरफार केला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मासा लागताच शिशाचा गोळा सुटून तळाशी जावा अशी कडी वापरत. मासा मोकळ्या दोराशी झुंजे, पण प्रत्येक माशामागे एक गोळा गमवावा लागे. 'डाउनरिगर' या उपकरणाने हा खर्च वाचवला. नावेच्या कडेला लहान गुंडाळयंत्र, त्यावर पोलादी तार, टोकाशी आठ-बारा पौंडांचा गोळा. गोळ्याजवळ एक चिमटा, आणि त्या चिमट्यात स्वतंत्र काठीवरून आलेला बारीक दोर. मासा लागला की दोर चिमट्यातून सुटतो, वाकवून ठेवलेली काठी ताडकन सरळ होते, आणि गोळा आपल्या तारेवर तसाच राहतो. सुरुवातीची यंत्रे बऱ्याच अंशी घरगुती बनावटीची होती. १९७० नंतर ती कारखान्यांतून निघू लागली.

ओळंबा आणि डाउनरिगर यांतील खरा भेद वजनाचा किंवा तारेचा नाही. ओळंब्यात खोलीचा दोर आणि माशाचा दोर एकच आहे. डाउनरिगरने ते दोन वेगळे केले. ज्याला मासा विकायचा वा खायचा आहे त्याला या वियोगाची गरज नाही. त्याला दहा आमिषे आणि मजबूत हात पुरतात. ज्याला माशाशी झुंज हवी आहे, त्याच्यासाठीच चिमटा आहे. टॅनर यांच्या योजनेचा एक जाहीर हेतूच असा होता की सरोवर व्यापारी जाळ्यांच्या हातून काढून हौशी गळांच्या हाती द्यावे. त्या धोरणाची भौतिक खूण म्हणून या चिमट्याकडे पाहता येते. व्यापारी मासेकऱ्यांनी, आणि करारान्वये मासेमारीचे हक्क असलेल्या मूळ रहिवाशांनी, हे परिवर्तन निमूटपणे मान्य केले नाही. न्यायालयांपर्यंत गेलेला तो वाद हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

डाउनरिगरची खोली दाखवणारा आकडा फसवा असतो, हे येथे सांगितले पाहिजे. यंत्र उलगडलेली तार मोजते. पण गोळा पाण्याच्या रोधाने मागे झुकतो, तेव्हा प्रत्यक्ष खोली त्याहून कमी भरते. शिवाय मोठ्या सरोवरात वरचा आणि खालचा प्रवाह भिन्न दिशांनी वाहू शकतो, त्यामुळे नावेचा वेग आणि आमिषाचा वेग एकच असेल असे नाही. या कारणास्तव पुढे गोळ्यापाशीच तापमान आणि वेग मोजणारी साधने बसवण्यात आली. कोहो आणि चिनूक यांना सुमारे १२-१३ अंशांचे पाणी मानवते, लेक ट्राउटला त्याहून थंड, १० अंशांच्या आसपासचे. विंडरमिअरचा म्हातारा जे घंटेवरून ओळखत असे ते आता आकड्यांत दिसू लागले. ज्यांना हे यंत्र परवडत नसे त्यांच्यासाठी दुसरे उपाय होतेच : तांब्याची तार, किंवा आत शिशाची तार घालून विणलेला आणि दर दहा यार्डांना रंग बदलणारा दोर. मासेकरी त्यावर खोली फुटांत न सांगता रंगांत सांगतात : 'पाच रंग सोडले आणि लागला.'

आडव्या दिशेचा प्रश्नही होता. नावेच्या सावलीने आणि आवाजाने मासे बाजूला सरतात. तेव्हा आमिष बाजूला नेले पाहिजे. त्यासाठी पाण्यावर तिरपी चालणारी फळी वापरतात. ओढली की ती पतंगासारखी बाहेरच्या अंगाला ताणते. अमेरिकेत तिला 'प्लेनर बोर्ड' असे नवे नाव मिळाले, पण वस्तू जुनी आहे. स्कॉटलंड, आयर्लंड आणि नॉर्वे येथे ती 'ऑटर', म्हणजे पाणमांजर, या नावाने परिचित होती, आणि चोरट्या मासेमारीचे साधन म्हणून इतकी बदनाम झाली, की इंग्लंडच्या १९७५ च्या सॅमन आणि गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय कायद्यातही निषिद्ध साधनांत तिचे नाव आहे. एकाच तत्त्वाची फळी, एकीकडे गुन्हा आणि दुसरीकडे क्रीडासाहित्य.

आता उसनवारीच्या खुणा पाहा. कोहोबरोबर 'कॅननबॉल', तसेच 'डॉजर' आणि 'फ्लॅशर' ही आमिषापुढे झळकत जाणाऱ्या पत्र्यांची नावे पॅसिफिकहून मिशिगनला आली. पुढे ही संपूर्ण सामग्री अमेरिकेतून स्वीडनमधील व्हेनर्न सरोवरावर गेली. तेथे 'द्रागरूद' हा चांगला देशी शब्द उपलब्ध होता, आणि तो वल्ह्यांच्या जुन्या पद्धतीसाठी टिकूनही राहिला. पण यंत्रनौकेच्या नव्या पद्धतीला स्वीडिश लोक 'ट्रोलिंग' म्हणू लागले. डाउनरिगरचे 'यूपरिग', म्हणजे खोल-रिग, असे भाषांतर झाले. फळीला 'पारावान' म्हटले गेले, जो शब्द सागरी युद्धातील सुरुंग छाटणाऱ्या उपकरणाचा आहे. फिनिश भाषेने 'प्लानारी' हा शब्द सरळ उचलला. वस्तू उसनी घेतली गेली की तिच्या अंगाला काही ना काही परका शब्द चिकटतो, किंवा परक्या शब्दाचा साचा तरी उमटतो. आणि जुना शब्द असलाच तर त्याचा अर्थ आकसतो.

ही कसोटी विंडरमिअर आणि फिंगर लेक्स यांना लावली तर काय दिसते? दोन्हीकडची भाषा इंग्रजी; म्हणजे शब्द जाण्यास कोणताच अडथळा नव्हता. तरीही एकीकडे साधनाचे नाव गवंड्याच्या ओळंब्यावरून आले आहे, तर दुसरीकडे ते एका मत्स्यसंवर्धकाच्या नावावरून. विंडरमिअरच्या लांब काठ्या आणि घंटा हे त्या साधनाचे सर्वांत ठसठशीत, पाहणाऱ्याच्या प्रथम नजरेत भरणारे अंग. नेमके तेच अमेरिकेत आढळत नाही. उसनवारी करणारा सहसा नजरेत भरणारे आधी उचलतो. दोन्हीकडे समान आहे ते फक्त पदार्थविज्ञानाने अपरिहार्य केलेले : टोकाशी वजन, मध्ये उपदोर. पॅसिफिकच्या गर्डीवरही तेच आहे. यावरून माझे अनुमान असे की हे साम्य स्वतंत्र निर्मितीचे आहे. अर्थात एकोणिसाव्या शतकात मासेमारीविषयक नियतकालिके अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर वाचली जात होती, आणि लिखित वर्णनावरून साधन बनवताना नाव टाकून देणे अशक्य नाही. एखादे तत्कालीन पत्र किंवा लेख उजेडात आला तर हे अनुमान सोडावे लागेल. शब्दांच्या अभावावरून काढलेला निष्कर्ष शब्दांच्या उपस्थितीवरून काढलेल्या निष्कर्षाइतका बळकट कधीच नसतो.

अशा शोधाला फार अवधी उरला आहे असे मात्र वाटत नाही. विंडरमिअरमधील चार्-ची संख्या १९८० नंतर घटत गेली; सांडपाण्यातील फॉस्फरसमुळे खोल पाण्यातील प्राणवायू कमी झाला, सरोवर तापू लागले, आणि रोच नावाचा मासा वाढला. १९९२ पासून सांडपाण्यातील फॉस्फेट काढून टाकण्याची व्यवस्था झाली, तरी मासा पूर्ववत झाला नाही, आणि लांब काठ्यांच्या नावा आता मोजक्याच उरल्या आहेत. ह्यूरन सरोवरात २००३-०४ मध्ये एलवाइफची प्रजा कोसळली, तिच्यावर जगणारा चिनूकही तिच्यामागे गेला, आणि त्याच्या भरवशावर उभी राहिलेली बंदरे ओस पडली. त्याच सुमारास देशी लेक ट्राउटची नैसर्गिक वीण मात्र तेथे वाढीस लागली. डाउनरिगर त्यालाही चालतो.

विंडरमिअरच्या चार्-विषयी दीर्घकालीन आकडे जे उपलब्ध आहेत, त्यांतील एक महत्त्वाचा भाग ओळंब्यानेच मासे धरणाऱ्यांच्या वह्यांतून आला आहे. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन'च्या अभ्यासकांनी तेथे या माशाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला. विनिफ्रेड फ्रॉस्ट यांनी १९६५ मध्ये त्याच्या शरदात आणि वसंतात विणाऱ्या दोन भिन्न समूहांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या संशोधकांना मासेकऱ्यांच्या नोंदी उपयोगी पडल्या त्या एका साध्या कारणाने : साधन बदलले नव्हते. तेवढेच शिसे, तेवढेच उपदोर, तोच वल्ह्यांचा वेग. म्हणून एका वर्षीची तासागणिक धरलेली संख्या दुसऱ्या वर्षीशी ताडता आली. मिशिगनच्या नोंदींना ही सोय नाही. तेथे दर दोन-चार वर्षांनी उपकरण सुधारत गेले, आणि वाढलेली संख्या माशांची की चिमट्याची, हे वेगळे काढणे फार अवघड होऊन बसते.